ह्यूग नावाची मुलगी

ब्रेसी गावात पेरोनेल सुईणीला वचकून नाही असा माणूस शोधून सापडला नसता. गढीचे धनी गोशेरसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसत. त्यांच्या जन्माच्या वेळी पेरोनेलच्या आईनं त्यांना उलटं धरून पाठीत रट्टा घातला होता आणि कोवळी पेरोनेल गरम पाण्याचं भांडं धरून शेजारी उभी होती. "तुमचं पहिलं भोकाड मी ऐकलंय, धनी. माझ्यासमोर डरकाळ्या नकोत," असं ती तोंडावर म्हणायची, आणि धनी हसून गप्प बसायचे.

बाई अंगानं दणकट, दंड एखाद्या लोहाराचे असावेत तसे, आणि जीभ त्याहून दणकट. नवरा रेनू द्राक्षाच्या दारूसाठी लाकडी पिंपं बांधायचा. तो इतका कमी बोलायचा की लोक म्हणायचे, घरातले सगळे शब्द बायकोच खर्चून टाकते. त्या दोघांना मूल झालं नाही. अख्ख्या गावाची बाळंतपणं केलेल्या बाईची स्वतःची कूस उजवू नये याचं गावाला वाईट वाटायचं. पेरोनेलसमोर मात्र कोणी तसं बोलून दाखवायला धजावत नसे.

तिला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. तिच्या हातातलं एकही मूल पाण्यावाचून गेलं नव्हतं. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर न पडता गेलेलं मूल आमच्याकडे चर्चच्या आवारात पुरत नाहीत. भिंतीबाहेर, खाजकुइलीत त्याला खड्डा. म्हणून मूल धड दिसत नसलं, की सुईणीनंच पाणी घालून नाव द्यायचं. पाद्री गार्निएबाबांनी तिला ते वाक्य आपल्या साध्या बोलीत पाठ करून घेतलं होतं आणि शपथ देऊन हे काम सोपवलं होतं. पण अशी वेळ ज्यांच्यावर येते ती मुलं वाचत नाहीत. पेरोनेलनं पाणी घातलेली सगळी लेकरं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गेली. चर्चच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ती आहेत. दर ईस्टरला ती तिथलं गवत काढायची आणि कोणी हटकलं तर म्हणायची, "माझ्या कमरेला व्यायाम हवा."

आता गढीचं सांगतो. गढी म्हणायची, पण बुरूज एकच, तोही डुकरांच्या खोपटाकडे झुकलेला. गोशेरचे वडील खांद्यावर क्रूस शिवून पूर्वेला लढायला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून कमरेच्या किल्ल्या थोरल्या बाईंकडे, म्हणजे गोशेरच्या आईकडे, माओबाईंकडे होत्या. बाई कर्तबगार, यात शंका नाही. द्राक्षमळे, गिरणी, कज्जे, सगळं एकटीनं सांभाळलं. पण सून एलिसांद त्यांच्या कधी मनातच भरली नाही. सून वरच्या मुलखातली, बोलायची हळू आणि हसायची फार. माओबाईंच्या लेखी हे दोन्ही दोषच. त्यात तिला पाठोपाठ दोन मुली झाल्या. "दोन मुली म्हणजे दोन हुंडे," माओबाई जेवणाच्या मेजावर सगळ्यांदेखत म्हणायच्या, आणि एलिसांद मान खाली घालून पाव मोडत बसायची.

गोशेरचा मात्र बायकोवर जीव होता, किंवा होता असं आम्ही समजायचो. रानातली पहिली स्ट्रॉबेरी टोपीत भरून आणायचे आणि टोपी खराब झाली म्हणून आईची बोलणी खायचे. पण आईपुढे कधी बायकोची बाजू घेतली असेल, तर शपथ. लढाईत शूर आणि घरात बोलती बंद, अशातले धनी.

तिसऱ्या वेळेस एलिसांदला दिवस राहिले आणि माओबाईंनी ठरवूनच टाकलं, की हा मुलगा. त्याचं नावही ठरलं: ह्यूग, पूर्वेला गेलेल्या आजोबांचं. सुनेच्या पोटाकडे बघत त्या "ह्यूगला भूक लागली असेल, खा," असं म्हणायच्या. स्वयंपाकघर म्हणायचं ह्यूग, तबेला म्हणायचा ह्यूग. पेरोनेल तपासायला यायची तेव्हा तिच्याही तोंडी तेच. "ह्यूगराव आडवे झालेत, बाईसाहेब. जरा डाव्या कुशीवर निजा."

द्राक्षांची तोडणी उरकत आली होती तेव्हा कळा सुरू झाल्या. सकाळ गेली, दुपार कलली, बाळ येईना. एलिसांदचं तोंड पांढरंफटक पडलं. तेव्हा माओबाई स्वतः खाली देवघरात संत मार्गारेटचा पट्टा आणायला धावल्या. तो पट्टा पोटावर ठेवला की बाई सुटते, असा त्या घराचा विश्वास. नेमकं त्याच वेळी बाळाचं डोकं बाहेर आलं आणि तिथंच अडकलं. चेहरा निळा, मानेला नाळेचा वेढा. एलिसांदची शुद्ध हरपलेली. खोलीत बाकी कोणीच नाही.

पेरोनेलनं मागचापुढचा विचार केला नाही. चंबूतलं पाणी त्या निळ्या कपाळावर घातलं आणि म्हणाली, "ह्यूग, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." मग बोटं घालून वेढा सोडवला, खांदा मोकळा केला, आणि बाळ बाहेर ओढलं.

मुलगी होती.

पेरोनेल क्षणभर बघतच राहिली. एवढ्यात आईला रक्त जाऊ लागलं, म्हणून तिनं बाळ पेंढ्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी एलिसांदचं पोट दाबून धरलं. दारात माओबाई आल्या. निपचित पडलेलं बाळ बघून त्यांनी किंकाळी फोडली, "मेलं! पाण्यावाचून मेलं!" त्यांच्या मागून गोशेर आत घुसले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं, पण ते भान कोणाला होतं? त्यांनी चंबू उचलला. हात असे थरथरत होते की अर्धं पाणी पेरोनेलच्या बाहीवर आणि अर्धं बाळावर सांडलं. "बेआत्रीस," ते म्हणाले, आणि रडत रडत ते वाक्य सबंध म्हणून मोकळे झाले.

पेरोनेलनं तोंड उघडलं. पण सांगणार काय? की पाणी मी आधीच घातलंय, आणि तुमच्या मुलीचं नाव ह्यूग ठेवलंय? पंचवीसएक वर्षं बाळंतपणं केलेली सुईण, आणि मुलगा की मुलगी हे बघायच्या आधी नाव देऊन बसली! गाव पोट धरधरून हसलं असतं. तिनं तोंड मिटलं. इतक्यात गार पाण्यानं म्हणा, देवाच्या कृपेनं म्हणा, बाळ शिंकलं आणि रडायला लागलं, आणि त्या आनंदात कोण कोणाला काय विचारतो?

चाळीस दिवसांनी बाळंतीण शुद्ध होऊन पहिल्यांदा चर्चमध्ये आली. सगळं गाव जमलेलं, गढीकडून पांढरा पाव वाटला जात होता. गार्निएबाबा खुशीत म्हणाले, "बाईसाहेब, देवानंतर उपकार मानायचे ते पेरोनेलचे. वेळेवर पाणी घातलंन."

"छे हो, बाबा!" गोशेर अभिमानानं हसले. "पाणी घातलं ते मी. या हातांनी."

पाव खाणाऱ्यांचे हात तसेच राहिले. गोशेर आधी हसतच होते, मग त्यांच्याही ध्यानात आलं, आणि हसू उतरलं.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मुलाला जो पाणी घालतो तो त्याच्या आईबापांचा धर्माचा भाऊ होतो. रक्ताच्या नात्याइतकंच ते नातं पक्कं. एरवी यानं कोणाचं बिघडत नाही. पण बापानंच पाणी घातलं तर तो मुलाच्या आईचा भाऊ झाला. आणि बहिणीशी संसार कोण करतं?

पेरोनेल खांबाला टेकून उभी होती. बोलायची वेळ होती ती हीच. एक शब्द टाकला असता तर तिथल्या तिथं मिटलं असतं. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. आता प्रश्न नुसत्या हसण्याचा राहिला नव्हता. एका डोक्यावर दोनदा बाप्तिस्मा होऊ देणं हे मोठं पाप, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

त्या दिवसापासून धनी खालच्या दिवाणखान्यात कुत्र्यांच्या शेजारी झोपू लागले. माओबाईंच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण पाऊल हलकं झालं होतं. "देवाच्या मनात असेल तसं," त्या म्हणायच्या. "तिला माहेरी पाठवू, मानानं पाठवू. मुली इथंच राहतील. गोशेर अजून तरुण आहे." बिशपकडे निरोप गेला. संत मार्टिनच्या सणाला, डुकरं कापतात त्या आठवड्यात, त्यांचा माणूस येऊन निकाल देणार असं ठरलं. एलिसांदची पेटी माळ्यावरून खाली आली.

पेरोनेल तिच्या दूध दाटलेल्या छातीला लावायला कोबीची पानं घेऊन गेली. एलिसांद पेटीवरच बसली होती, धाकटी मांडीवर.

"पेरोनेल, तू होतीस तिथं. मला खरं सांग. ह्यांनी पाणी घाबरून घातलं, का माझ्यापासून सुटायला घातलं?"

"हा काय प्रश्न झाला, बाईसाहेब?"

"सासूबाई म्हणतात, गोशेर काही खुळा नाही, करतोय काय ते त्याला कळत होतं. आणि ते... ते काहीच म्हणत नाहीत गं. मला घालवायचंच असेल तर जाईन मी. पण मुलींनी विचारलं, बाबांनी आईला का घालवलं, तर काय ते मला माहीत असायला नको?"

"माझी बाही भिजवली त्यांनी," पेरोनेल म्हणाली. "खांद्यापर्यंत. सुटायला निघालेल्या माणसाचे हात असे कापत नाहीत." पण एलिसांदला ते खरं वाटलं नाही, हे तिला दिसलं. बाळानं झोपेत पेरोनेलचं बोट धरलं होतं. तिनं पाणी घातलेल्यांत चर्चच्या त्या उत्तरेच्या कोपऱ्यात न गेलेलं हे एकच लेकरू होतं. बोट सोडवून घेताना तिला रडू फुटलं आणि ती तरातरा निघून गेली.

घरी येऊन तिनं रेनूला सगळं सांगितलं. तो पिंपाला पट्टी ठोकत होता. ठोकायचा थांबला.

"सुईणपण जाईल तुझं," तो म्हणाला.

"जाईल."

"उघड्या पायांनी, मेणबत्ती घेऊन, चर्चच्या दारात उभं करतील."

"करतील. मला काय सांगतोस? ठाऊक नाही होय मला?"

"मग विचारतेस कशाला?"

"विचारलं कुठं, मेल्या! सांगतेय."

रेनू पुन्हा ठोकायला लागला. जरा वेळानं म्हणाला, "लोकरीचे मोजे पायताणांत मोजत नाहीत म्हणावं त्या बाबांना. दारात दगड फार गार असतो." पेरोनेलला हसू आलं, आणि हसताहसताच तिनं मनाशी काय ते ठरवलं.

बिशपचा माणूस थंडीनं गारठलेला, नाक लाल झालेला, वाटाण्याच्या गरम सूपावर डोळा ठेवून बसलेला असा एक म्हातारा होता. त्यानं गोशेरना विचारलं, पाणी तुम्ही घातलं? गोशेर म्हणाले, हो. बायकोला सोडायच्या इराद्यानं घातलं? गोशेर म्हणाले, नाही, पण ते इतक्या हळू म्हणाले की माओबाई मध्येच म्हणाल्या, "इराद्याचं काय घेऊन बसलात? नातं लागायचं ते लागलं." म्हातारा मान डोलवत निकाल सांगायला लागणार, तोच पेरोनेल पुढे आली.

"त्या पाण्याला काही अर्थ नाही, बाबा. आधीचं पाणी माझं आहे."

मग तिनं सगळं सांगितलं: पट्टा, अडकलेलं डोकं, निळं कपाळ. म्हातारा म्हणाला, "काय शब्द उच्चारलेस?" तिनं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, ह्यूगपासून शेवटपर्यंत. दिवाणखान्यात एक आचारी फिसकन हसला, आणि त्याच्यामागे सगळेच. पेरोनेल लाल झाली, पण जागची हलली नाही.

"खोटं आहे!" माओबाई कडाडल्या. "सुनेनं हिला फितवलंय. ऐकलं कोणी?"

म्हाताऱ्यानं एलिसांदकडे बघितलं. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. "मी शुद्धीवर नव्हते," ती म्हणाली. "मी काही ऐकलं नाही."

"बघा!" माओबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं लाल नाक पुसलं. "थोरल्या बाई, मी पुष्कळ खोट्या साक्षी ऐकल्यात. फितवलेली बाई शहाणं खोटं बोलते. हिला बेआत्रीस म्हणता आलं असतं, मारी म्हणता आलं असतं. सगळ्या गावात हसं होईल असं नाव कोण मुद्दाम घेईल? आणि वर स्वतःच्या पोटावर पाय देऊन?" मग त्यानं संताच्या अस्थींची पेटी पुढे सरकवली. पेरोनेलनं तिच्यावर हात ठेवून शपथ घेतली.

निकाल झाला. मुलगी ह्यूग, बेआत्रीस हे नुसतं पाणी. गोशेर आणि एलिसांद नवराबायको होते आणि आहेत. पेरोनेलनं दुसऱ्यांदा पाणी पडू दिलं, म्हणून नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंटच्या रविवारी मेणबत्ती घेऊन उघड्या पायांनी दारात उभं राहावं, आणि यापुढे ब्रेसीत कोणत्याही बाळंतिणीला हात लावू नये.

एवढं ऐकून गोशेर उठले, आणि बसलेल्या सगळ्यांदेखत, आईदेखत, एलिसांदच्या पायांशी बसून तिच्या झग्यात तोंड खुपसून ढसाढसा रडले. एलिसांदनं पेटीवर बसून जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिला मिळालं. माओबाई उठून गेल्या. त्या दिवसापासून त्या पेरोनेलशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दारातला दगड खरंच गार होता. लोक तिच्याजवळून जाताना खाली बघायचे. ज्यांना ज्यांना तिनं जगात आणलं होतं ती माणसं तिच्या उघड्या पायांकडे बघून ओशाळायची. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढे, गावात कोणाला कळा लागल्या की. शेजारच्या खेड्यातली तरणी सुईण खेचरावर बसून घरावरून जायची आणि पेरोनेल दाराशी उभी राहून हात ॲप्रनला पुसत राहायची. हातांना काही लागलेलंच नसायचं. "आत ये," रेनू म्हणायचा, आणि ती त्याला उगाचच शिव्या द्यायची.

ह्यूग मात्र वाढली. दांडगी, मोठ्या आवाजाची, दिसेल त्या झाडावर चढणारी. नाव ऐकून पाहुणे दचकायचे आणि मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "ह्यूग मीच. काय काम आहे?" रस्त्यात पेरोनेल दिसली की पळत येऊन तिच्या मांडीला मिठी मारायची.

तीन वर्षांनी एलिसांदला पुन्हा दिवस भरले. कळा सुरू झाल्या तशी गढीवरून पेरोनेलला बोलावणं आलं.

"मला हात लावायची बंदी आहे, ठाऊक नाही तुला?" ती दासीवर खेकसली.

"बाईसाहेब म्हणाल्या, सुईण म्हणून नको. धर्माची बहीण म्हणून या. बहिणीनं उशाशी बसायचं असतं."

असं बोलावणं पेरोनेलला उभ्या आयुष्यात आलं नव्हतं. ॲप्रन सोडून तिनं सणाचा झगा घातला. बाळंतिणीच्या उशाशीच्या खुर्चीवर माओबाई बसल्या होत्या. ती जागा धर्माच्या बहिणीची, रिवाजच तसा. आणि रिवाजाला माओबाई मानायच्या. त्या उठल्या, न बोलता किल्ल्या सावरत पायथ्याशी जाऊन बसल्या. पेरोनेलनं खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, कारण ते आपोआप पुढे जात होते. तरण्या सुईणीला तिनं सूचना दिल्या त्या सगळ्या एलिसांदच्या कानात, मोठ्यानं. "जरा डाव्या कुशीवर व्हा हं, ताई. आता घाई नको. आता सुईण खांदा मोकळा करेल." सुईण तसं करायची.

या खेपेला बाळ सरळ आलं, लालबुंद, आणि रडतच आलं. मुलगा होता.

माओबाई उठून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं वाट बघितली होती त्यांनी. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन्ही हात पुढे करून त्या म्हणाल्या, "ह्यूग! माझा ह्यूग!"

"ते नाव गेलं, थोरल्या बाई," पेरोनेल म्हणाली. "ह्यूग मघापासून दाराबाहेर लाथा मारतेय. मला आत घ्या म्हणून."

दारावर खरंच लाथा बसत होत्या. माओबाईंनी पेरोनेलकडे बघितलं. तीन वर्षांत बघितलं नव्हतं तसं, सरळ डोळ्यांत.

"मग दुसरं सांग," त्या म्हणाल्या. "पण या वेळी नीट बघून सांग."

पेरोनेलनं मांडीखालचे हात काढले आणि बाळ मागून घेतलं. बाळंतिणीला हात लावायची बंदी होती, बाळाला नव्हती.